लय वाचायला कोण शिकवणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गाण्याबजावण्याबद्दल बरंच काही येतं, मैफलींचे वृत्तांत येतात, कलाकारांच्या मुलाखती येतात, मुलाला कितव्या वर्षी क्लासला घालावं यावर पण लेख येऊन गेलेत, पण लय वाचणं या गोष्टीवर चार ओळी कधी वाचल्याचं आठवत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. पत्र लांबलंय हे मला माहितीये, कापा खुशाल, फक्त मधला एकतालाचा भाग तेवढा ठेवा.

मी कीबोर्ड आणि हार्मोनियम शिकवते. तक्रार एका वाक्यात सांगायची तर आपण मुलांना सूर वाचायला शिकवतो आणि लय मात्र नुसती ऐकवतो. वर्ष-दोन वर्षं शिकलेल्या मुलाला स्टाफवरचा, म्हणजे पाच आडव्या रेषांवरचा, कुठलाही नोट दाखवा, हा ई, हा एफ शार्प, धडाधड सांगेल. तोच नोट किती वेळ धरायचा आणि पुढचा नेमका कधी येणार ते विचारा, की लगेच "टीचर, एकदा वाजवून दाखवा ना". आणि आपण दाखवतो! तिथेच सगळी गोची होते. मुलांचे कान तल्लख असतात, एकदा ऐकलं की उचलतात, मग कागदावर काय लिहिलंय ते बघायची गरजच उरत नाही. हल्ली तर टीचरपण लागत नाही, प्रत्येक पीसचा व्हिडिओ असतो, तो पाऊण स्पीडला लावायचा आणि बोटं त्याच्या मागे मागे न्यायची. पीस बसतो, कार्यक्रमात टाळ्या पडतात, आईबाबा खूश. आणि मग कुणीतरी कधीच न ऐकलेला कागद पुढ्यात ठेवतं, आणि इतकी वर्षं शिकलेलं पोरगं दुसऱ्या बारलाच, म्हणजे उभ्या रेषांमधल्या दुसऱ्याच घरात, थांबतं.

यात मुलांचा दोष मला फारसा वाटत नाही. सूर एकेकटा वाचता येतो, लय तशी वाचता येत नाही, खरी अडचण ही आहे. ट्रेबल क्लेफमध्ये मधल्या रेषेवर नोट दिसला की तो बी, आजूबाजूला काहीही असो. पण क्वार्टर नोट, म्हणजे ज्याला काहीजण क्रॉचेट म्हणतात तो, एकटा काहीच सांगत नाही. मेट्रोनोम, म्हणजे लयीची टकटक देणारं यंत्र, ६० ला (मिनिटाला ६० ठोके) असेल तर तो एक सेकंदाचा, १२० ला असेल तर अर्ध्या सेकंदाचा. सगळा मामला प्रमाणाचा, शेजारच्या नोटच्या मानाने हा केवढा आणि खाली जी एकसारखी मात्रा, म्हणजे लयीचा ठोका, चाललीये तिच्या कुठल्या भागावर हा पडतोय. युरोपात नोटच्या आकारावरूनच त्याची लांबी कळावी ही पद्धत साधारण १२८० च्या सुमाराला कोलोनच्या फ्रँको नावाच्या संगीत-लेखकाने नीट मांडून ठेवली, त्याच्या आधी लय बरीचशी संदर्भावरून ताडायला लागायची. आपल्याकडे भातखंड्यांनी एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांच्या खाली कंस काढला, पलुस्करांनी तर मात्रेच्या तुकड्यांना वेगवेगळ्या खुणा दिल्या. म्हणजे ज्यांनी ज्यांनी संगीत कागदावर उतरवायला घेतलं त्या सगळ्यांनी लयीसाठी सुरांइतकीच डोकेफोड केली, आणि आपली मुलं त्या कंसाकडे बघतसुद्धा नाहीत.

आता मात्रेच्या आतले भाग, सबडिव्हिजन. क्वार्टर म्हणजे एक मात्रा धरली, तर एका मात्रेत दोन आले की एट्थ नोट, चार आले की सिक्स्टीन्थ, तीन आले की ट्रिप्लेट. ६० च्या लयीत एट्थ अर्ध्या सेकंदाचा, सिक्स्टीन्थ पाव सेकंदाचा. हे गणित चौथीतलं पोरपण करतं, प्रश्न गणिताचा नाहीच. प्रश्न असाय की जास्त नोट दिसले की मुलांना वाटतं लय वाढवायचीये. क्वार्टर चाललेत, एट्थ आले की मात्राच जराशी पळते, सिक्स्टीन्थ आले की अजून पळते, आणि परत क्वार्टरवर आल्यावर ते आखूड पडतात कारण हात अजून मघाच्याच घाईत असतो. पायाने मात्रा चालू ठेव म्हटलं तर पाय हाताच्या मागे जातो, हाताने एट्थ धरले की पायपण एट्थ आपटायला लागतो. कुठल्याही क्लासमध्ये जाऊन बसा, दिसेलच.

मी यावर एक चढउतार करून घेते. वाद्य बंद. एका हाताने मांडीवर मात्रा, आणि तोंडाने आधी मात्रेत एक, मग दोन, मग तीन, मग चार, आणि परत उतरत एकपर्यंत, प्रत्येक प्रकार चार-चार मात्रा. अक्षरं सोपी, त, मग त-क, मग त-कि-ट, मग त-क-दि-मि. एकावरून दोनवर कुणीपण जातं. दोनावरून तीन आणि तीनावरून चार, इथे सगळे माती खातात, आणि उतरताना चारावरून तीनवर येणं तर त्याहून वाईट. तिथे हमखास काय होतं माहितीये का, तीन भाग सारखे न पडता दोन पटपट आणि शेवटचा लांब असे पडतात, म्हणजे पाव-पाव-अर्धा. मात्रा सुटत नाही, पुढची टाळी बरोबर येते, त्यामुळे वरवर ऐकलं तर ठीकच वाटतं आणि शिक्षकपण पुढे जातात. जाऊ नये हो. तीन भाग सारखे पडेपर्यंत तिथेच बसायचं, लय अजून हळू करायची, ५० ला, ४५ ला. पाचाचा भाग, त-क-त-कि-ट, मी फार नंतर घेते, काहीजण त्याची फार घाई करतात, मला ती हौस वाटते.

ठिपक्याचं पण सांगते कारण सगळ्यात जास्त चुका तिथे. नोटच्या पुढे ठिपका म्हणजे त्याच्या किमतीत निम्मी भर, हे सगळ्यांना पाठ. क्वार्टरला ठिपका म्हणजे दीड मात्रा, आणि त्याच्या मागोमाग बहुतेक वेळा एक एट्थ येतो, उरलेली अर्धी. मुलं काय करतात, पहिला नोट लांब धरतात आणि दुसरा पटकन टाकतात. लांब म्हणजे किती, तर मनाला येईल तेवढा, कधी सव्वा कधी पावणेदोन. इथे तोंडात एक-नि-दोन-नि चालूच पाहिजे. नोट 'एक'वर दाबला, 'नि' गेला, 'दोन' गेला, बोट अजून खालीच आहे, आणि पुढचा नोट बरोबर शेवटच्या 'नि'वर. गंमत म्हणजे 'दोन'वर काहीच वाजत नाही आणि तेच सगळ्यात पक्कं म्हणावं लागतं. मी मुलांना 'दोन'ला मान हलवायला लावते. हसतात एकमेकांकडे बघून, पण नोट जागेवर पडतो.

ठिपक्याचा एट्थ आणि त्यापुढे सिक्स्टीन्थ, म्हणजे पाऊण आणि पाव, याची गल्लत ट्रिप्लेटशी होते, जिथे पहिला नोट दोन भाग धरायचा आणि दुसरा एक भाग. ६० ला मोजून बघा, पहिल्या प्रकारात दुसरा नोट मात्रा सुरू झाल्यापासून ७५० मिलिसेकंदांनी येतो, दुसऱ्या प्रकारात ६६७ च्या आसपास. फरक ८३ मिलिसेकंदांचा, पण कानाला तो चांगलाच कळतो, ताठ चालीचा मार्च एकदम झुलायला लागतो. आणि १२० ला गेलात की हाच फरक निम्मा होतो, तिथे मुलाला सांगून काही उपयोग नसतो कारण त्याला तो ऐकूच येत नाही. म्हणून हे हळू लयीत शिकायचं, आणि शिकताना आत चार मोजतोय का तीन हे आधी ठरवायचं. नोट दोनच वाजतायत पण आत मोजणी चाराची किंवा तीनाची चालू पाहिजे. लय चांगली असलेला माणूस म्हणजे बहुतेक वेळा हे आतलं मोजणं कधी बंद न पडू देणारा माणूस, माझं तरी हेच मत झालंय.

आता एकताल. ज्यांना वाटतं की हे सगळं पाश्चात्त्य नोटेशनवाल्यांचं खूळ आहे, आपलं काय त्यात, त्यांच्यासाठी मुद्दाम. ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, म्हणा, धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धी ना. मात्रा १२. पहिल्या दोन मात्रांत एकेक अक्षर, तिसऱ्या मात्रेत 'धागे' म्हणजे दोन, चौथ्या मात्रेत 'तिरकिट' म्हणजे चार, मग चार मात्रा परत एकेक, नवव्यात दोन, दहाव्यात चार, शेवटी एकेक. १२ मात्रांत २० अक्षरं. सबडिव्हिजनचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही, आणि तो शतकानुशतकं तोंडी शिकवला जातोय. आता हाच ठेका पोरांना मांडीवर मात्रा देत म्हणायला लावा. 'तिरकिट' आलं की एकतर हात थांबतो आणि तिरकिटला जागा करून देतो, म्हणजे ती मात्रा सव्वा होते, नाहीतर तिरकिट इतकं घाईत उरकतात की नंतर भोक पडतं. मग 'तू ना'ला लय वेगळीच. जे क्वार्टर-सिक्स्टीन्थला होतं तेच इथे, फक्त कपडे वेगळे.

आणि विलंबित एकतालात तर बघायलाच नको. मात्रा इतकी लांब असते की दोन ठोक्यांमध्ये माणूस हरवून जातो. जे हरवत नाहीत ते काही एका मात्रेवरून पुढच्या मात्रेवर अंदाजाने उडी मारत नसतात, आत त्या मात्रेचे चार-चार भाग चाललेले असतात, त्याच्यावर आलाप निवांत टाकलेला असतो. तिरकिट ऐकलं की एकतर चौथी नाहीतर दहावी, पुढे 'तू ना' आलं तर चौथी होती, 'धी ना' आलं तर दहावी होती आणि आता सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जवळ आली. हेपण वाचणंच झालं, कानाने केलेलं.

दुगुन-तिगुनचं, म्हणजे त्याच लयीवर बोल दुप्पट-तिप्पट वेगाने म्हणण्याचं, मात्र आपण पाठांतर करून टाकलंय. तीनतालाची दुगुन म्हण म्हटलं की मुलगा धाधिं धिंधा धाधिं धिंधा पाढ्यासारखा म्हणून मोकळा होतो. बरोबरच म्हणतो. पण त्याला म्हणा की आता हीच दुगुन नवव्या मात्रेपासून उचल आणि समेवर ये, किंवा ठेका सोड, तुला येणारी कुठलीही सरगम दुगुनमध्ये म्हण, की झालं. कारण त्याने दुगुन केलेली नाहीये, त्याने दुगुनचा एक वेगळा ठेका पाठ केलाय. तिगुनचं तर विचारूच नका, १६ मात्रांचं आवर्तन तिपटीत सव्वापाच मात्रांपेक्षा किंचित जास्त घेतं, म्हणजे समेवर यायचं तर अकराव्या मात्रेचे दोन भाग सोडून तिसऱ्या भागावर उचलायचं, हे थिअरीच्या पेपरात गणित करून छान लिहितात, पूर्ण मार्क घेतात, पण हातावर ताल देऊन म्हणून दाखव म्हटलं की शांतता.

अक्षरं कुठली वापरावीत यावर शिक्षकांमध्ये फार वाद होतात आणि खरं सांगायचं तर मला त्यात दम वाटत नाही. हंगेरीच्या संगीतकार झोल्तान कोदायच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत क्वार्टरला 'ता' आणि एट्थच्या जोडीला 'ती-ती' म्हणतात, ती अक्षरं मुळात १९ व्या शतकातल्या फ्रेंच पद्धतीवरून आली. अमेरिकेत १९९६ मध्ये काही शिक्षकांनी 'ताकादिमी' नावाची पद्धत मांडली, त्यात मात्रेवर जे पडतं ते नेहमी 'ता' आणि मात्रेच्या बरोबर मध्यावर जे पडतं ते नेहमी 'दि', मग नोटेशनमध्ये तो एट्थ असो नाहीतर सिक्स्टीन्थ. ही अक्षरं कुठून उचललीत ते कर्नाटक संगीतातलं कोन्नक्कोल, म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणणं, ऐकलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. मला ही दुसरी पद्धत जास्त पटते कारण ती नोटच्या नावापेक्षा मात्रेतली जागा सांगते, आणि आपल्या मुलांच्या तोंडात ती अक्षरं बसतातपण पटकन. पण बारमध्ये कितवी मात्रा चाललीये हे त्यातून कळत नाही, त्याला एक-दोन-तीन-चारच मोजावं लागतं. तर दोन्ही वापरा. फक्त एका क्लासमध्ये आज हे उद्या ते असं करू नका, पोरं गोंधळतात.

मेट्रोनोमबद्दल पण बोलायला पाहिजे कारण पालक मला नेहमी विचारतात कुठलं अ‍ॅप घेऊ. कुठलंपण घ्या. लोलकाचं यंत्र आम्सटरडॅममध्ये विंकेलने १८१४ ला बनवलं, पुढच्या वर्षी मेल्त्सेलने त्यात आकड्यांची पट्टी घालून पेटंट घेतलं आणि नाव त्याचंच झालं. पण टकटक लावून ठेवली की लय सुधारते हा गैरसमज आहे. टकटक चालू असताना मुलगा तिला धरून धरून चालतो, दर टकला स्वतःला दुरुस्त करतो आणि आत काहीच तयार होत नाही. उलट करायचं, टकटक कमी करत न्यायची. आधी प्रत्येक मात्रेला, मग फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला, मग बारला एकदाच. काही अ‍ॅपमध्ये एक बार वाजतो आणि एक बार गप्प राहतो अशी सोय असते, ती तर भारीच, गप्प बारनंतर टक परत येते तेव्हा आपण कुठे आहोत ते लगेच कळतं. आणि तबला शिकणाऱ्यांनी लेहऱ्याच्या, म्हणजे मागे सारखी फिरत राहणाऱ्या धुनेच्या, मशीनवर सगळा भार टाकू नये, हे जाता जाता.

रेस्टचं, म्हणजे गप्प राहायच्या खुणेचं, थोडक्यात सांगते, रेस्ट म्हणजे सुट्टी नाही. क्वार्टर रेस्टला मुलं श्वास घेतात, पान उलटतात, बाहेर बघतात, आणि परत येताना आधीच येतात, उशिरा फार कमी वेळा. रेस्टमध्ये पण तोंडातली अक्षरं चालू ठेवायची, फक्त हळू आवाजात. टाय, म्हणजे दोन नोट एकत्र धरायला सांगणारी कमान, तिचं पण तेच, विशेषतः बारची रेष ओलांडून जाणारा टाय असेल तर पुढच्या बारची पहिली मात्रा वाजत नाही पण मोजावी लागते.

६/८ आणि ३/४, म्हणजे बारमध्ये काय किती मावतं ते सांगणारे सुरुवातीचे आकडे, त्यांच्यावर मात्र अडकायला होतं आणि तिथे नीट वेळ द्यावा. दोन्हीकडे बारमध्ये सहाच एट्थ मावतात, मग फरक काय, असं मुलं विचारतात आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. फरक गटांचा. ३/४ मध्ये मात्रा तीन आणि प्रत्येकीचे दोन भाग, ६/८ मध्ये मात्रा दोन आणि प्रत्येकीचे तीन भाग. नोटांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या, बीम, त्या हेच सांगायला असतात, दोन-दोन जोडलेत का तीन-तीन ते बघा म्हणजे मात्रा कुठे ते कळतं. बीम म्हणजे नुसती सजावट आहे असं समजणारी मोठी माणसंपण मी पाहिलीत. सहा अक्षरं एकसारखी म्हणत राहायची, तोंड बदलायचं नाही, आणि फक्त टाळ्या बदलायच्या, एका आवर्तनात तीन टाळ्या, पुढच्यात दोन. जमलं की मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ना, ते बघायला मजा येते. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीन अशा विभागल्यात आणि रूपकाच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा, हे ज्याला नीट माहितीये त्याला ७/८ बघून घाम फुटत नाही, फक्त ते आणि हे एकच आहे हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

रोज किती करायचं तर दहा मिनिटं पुष्कळ झाली, पण वाद्याच्या आधी आणि वाद्याशिवाय. सूर नसलेली एकच ओळ, फक्त लयीच्या खुणा. आधी नुसती नजर फिरवायची, मात्रा कुठे कुठे पडतायत त्यावर पेन्सिलने उभ्या रेघा मारायच्या, सगळ्यात बारीक नोट कुठला ते बघायचं आणि त्याला झेपेल अशी लय ठरवायची. मग टाळीवर म्हणायचं आणि चुकलं तरी थांबायचं नाही. हे फार महत्त्वाचंय, थांबून दुरुस्त करायची सवय लागली की ते वाचन राहत नाही, ते पाठ करणं होतं. एका मात्रेला चुकलं, सोडून द्या, पुढच्या मात्रेला गाठा. मी वाचून झालेल्या मात्रेवर पोस्टकार्ड सरकवत नेते म्हणजे मागे बघताच येत नाही, नजर आपोआप पुढे जाते. आणि तीच ओळ आठवडाभर वापरायची नाही, दोन दिवसांत ती पाठ होते आणि मग परत आपण कानावरच. रोज नवीन ओळ पाहिजे.

पालक म्हणतात, मॅडम, फी पेटीची भरली आणि हा नुसता ताता-तीती करत बसतो. त्यांचंपण बरोबर आहे, त्यांना ऐकायला गाणं पाहिजे. पण परीक्षांनी पण याला तसंच वागवलंय. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकल ग्रेडमध्ये १५० पैकी साइट-रीडिंगला, म्हणजे न पाहिलेलं वाचून वाजवायला, २१ मार्क, पासिंग १०० ला, म्हणजे वाचता अजिबात न येतासुद्धा निभावून नेता येतं, आणि २०२० पासून त्यांनी ज्या परफॉर्मन्स ग्रेड सुरू केल्या त्यात तर साइट-रीडिंग नाहीच. त्यांची कारणं असतील, मी वाद घालत नाही, पण ज्याला मार्क नाहीत ते घरी कोण करणार. आमच्याकडच्या परीक्षांत हातावर ताल द्यायला लावतात, ते चांगलंच आहे, पण ताल ठरलेले आणि आधीच सांगितलेले, कधी न पाहिलेली लयीची ओळ समोर ठेवून "वाच" असं कुणी म्हणत नाही. पाच मार्कांना जरी ठेवलं तरी क्लासचं चित्र बदलेल.

हे काही आजचं दुखणं नाहीये हो. स्वित्झर्लंडचे एमिल जाक-दालक्रोझ जिनेव्हाच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवायचे, त्यांच्या लक्षात आलं की बोटं तयार असलेल्या विद्यार्थ्यांनाही लय अंगात नाही, म्हणून त्यांनी चालणं, टाळ्या, हात फिरवणं यातून लय शिकवायची पद्धत बसवली, तिलापण शंभराच्या वर वर्षं झाली. तेव्हा व्हिडिओ नव्हते तरी ही स्थिती.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुम्ही रोज शब्दकोडं छापता, सुडोकू छापता, बुद्धिबळाचा डाव छापता. त्यांच्या शेजारी आठवड्यातून एकदा दोन ओळींचं लयीचं कोडं छापा. याला स्टाफ लागत नाही, वेगळा फॉन्ट लागत नाही, आपल्या टाइपमध्ये बसतं. 'त' म्हणजे टाळी किंवा आवाज, 'ऽ' म्हणजे मागचा आवाज धरून ठेवायचा, उभ्या रेषेच्या मध्ये एक मात्रा, आणि प्रत्येक मात्रेचे चार भाग. तबलावाल्यांना चालेल, गिटारवाल्यांना चालेल, नुसत्या गाणाऱ्यांना पण चालेल. नमुना म्हणून एक देते, पायाने किंवा मांडीवर मात्रा धरा, साधारण ६० ला, आणि तोंडाने वाचा.

त ऽ ऽ ऽ । त ऽ त ऽ । त ऽ ऽ त । त त त त
ऽ ऽ त ऽ । त ऽ ऽ ऽ । ऽ ऽ त ऽ । त ऽ ऽ ऽ

पहिल्या ओळीत नऊ 'त' आहेत, दुसरीत चारच, आणि तरी अवघड दुसरीच आहे. तिच्या पहिल्या मात्रेवर पाय पडतो पण 'त' नाही, तो मात्रेच्या मध्यावर आहे, तिसऱ्या मात्रेलाही तसंच, आणि दुसऱ्या मात्रेवरचा 'त' म्हणजे वर सांगितलेली दीड मात्राच. पोरांना द्या, आणि घरात कुणी चांगलं वाजवणारं मोठं माणूस असेल तर त्यांनाही द्या, दोन्ही ओळी न थांबता जोडून. उत्तर छापायची गरज नाही, पाय आणि तोंड शेवटच्या मात्रेवर एकत्र आले की बरोबर. पुढच्या ओळी मी पाठवत जाईन, मानधन नको.

आपली,
एक वाचक आणि संगीतशिक्षिका